दगडाला लेबल नसते

भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्षातून निदान एकदा वर्गाबाहेर काढून खडकासमोर उभे करण्याची पद्धत जगभर आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तिला ‘क्षेत्रीय प्रशिक्षण’ असे भारदस्त नाव असते, विद्यार्थी नुसते ‘फील्ड’ म्हणतात आणि घरची मंडळी ती सहल समजून चिवडा-लाडू बांधून देतात. महाराष्ट्रात फील्डचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सह्याद्रीतले निम्मे खडक धुक्यात असतात आणि उरलेले रस्त्यावर येऊन पडलेले असतात. दिवाळीपर्यंत डोंगर गवताखाली झाकलेले. मार्च उजाडला की काळा कातळ असा तापतो की त्यावर हात टेकवून कोणतेही माप घेण्याची इच्छा उरत नाही. मधल्या तीन महिन्यांतून गॅदरिंग, क्रीडास्पर्धा आणि प्रात्यक्षिक परीक्षा वजा केल्यावर जे आठ-दहा दिवस सापडतात, ते शास्त्राच्या वाट्याला येतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न दरवर्षी खर्चाच्या अर्जावर लेखा विभागाकडून विचारला जातो. रसायनशास्त्राचे विद्यार्थी रसायने बघायला गावोगाव हिंडत नाहीत, मग दगड बघायला बस कशाला, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. त्याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात आहे. तिथला प्रत्येक नमुना मुठीएवढा, धुतलेला, अंगावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यात काळ्या शाईने क्रमांक असलेला असतो. हे नमुने पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतात. त्यामुळे विद्यार्थी कालांतराने खडकाऐवजी नमुनाच ओळखायला लागतात. कोपरा उडालेला तो डोलेराइट, उचलताना मनगट वाकवतो तो बॅराइट, मागच्या बाजूला कुणीतरी बाण काढून ठेवलेला तो नीस. ही विद्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे मोठ्या निष्ठेने सोपवली जाते आणि प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

हाच विद्यार्थी घाटात चार मजली उंच कातळासमोर उभा राहिला की पहिल्यांदा क्रमांक शोधतो. पुस्तकातला बेसाल्ट काळा, घट्ट आणि सूक्ष्मकणी असतो. घाटातला तपकिरी असतो, हिरवट असतो, जांभळट असतो, कुठे चाळणीसारखा भोकाभोकांचा असतो, कुठे बोटाने उकरता येतो, आणि वस्तीजवळ असला तर त्यावर उमेदवारांची नावेही असतात. ऊन-पावसाने खडकाचा वरचा थर बदललेला असतो, हे वाक्य पुस्तकात आहे. पण त्या थराखाली काळा खडक निघेपर्यंत हातोड्याचे किती घाव घालावे लागतात, हे त्यात नसते. शिवाय पुस्तकातली आकृती जमिनीचा ठोकळा चहूबाजूंनी कापून दाखवते. प्रत्यक्षात निसर्ग एकच बाजू दाखवतो, तीही अर्धवट, आणि बाकीचा पुरावा कुणाच्या तरी ज्वारीखाली असतो.

बेसाल्ट आणि फील्ड यांचा संबंध या शास्त्राच्या बालपणापासूनचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण-विद्यालयात आब्राहम वेर्नर हे युरोपातले सर्वांत नावाजलेले भूशास्त्राचे शिक्षक होते. बेसाल्ट हा पाण्यातून साका बसून तयार झालेला खडक आहे, असे ते शिकवत. पुरावा म्हणून त्यांच्याजवळ सॅक्सनीतल्या टेकड्या होत्या, आणि सॅक्सनीच्या पलीकडे ते फारसे गेलेच नव्हते. तिकडे फ्रान्समध्ये निकोला देमारे यांनी १७६३ मध्ये ओव्हेर्न्य प्रांतात बेसाल्टच्या खांबांचा माग काढत काढत ज्वालामुखीचे तोंडच गाठले होते. वाद घालायला येणाऱ्यांना ते ‘जा आणि बघा’ एवढेच सांगत, अशी आख्यायिका आहे. वेर्नर यांचे लाडके शिष्य लिओपोल्ड फॉन बुख १८०२ मध्ये खरोखरच ओव्हेर्न्यला गेले आणि तिथला बेसाल्ट आगीतूनच आला असल्याची त्यांची खात्री पटली. तरीही सॅक्सनीतला बेसाल्ट तसाच असेल, हे मान्य करायला ते लगेच तयार झाले नाहीत. गुरूच्या गावचा दगड वेगळा असू शकतो, ही सवलत शिष्याने काही काळ राखून ठेवली. वेर्नर यांना त्यांच्या काळी एखादा प्रवास-भत्ता मंजूर झाला असता तर शास्त्राची काही वर्षे वाचली असती, असे म्हणायला जागा आहे. लेखा विभागाने या मुद्द्यावर विचार करायला हरकत नाही.

फील्डची सामग्री मोजकी असते. पहिला मान हातोड्याचा. तो हातात येताच नवख्या विद्यार्थ्याला दिसेल तो दगड फोडावासा वाटतो. आधी दुरून बघावे, मग जवळून बघावे, चित्र काढावे आणि गरज असेल तरच हातोडा उचलावा, हा क्रम शिक्षक पहिल्या दिवशी सांगतात. पण तो आवाज ठणठणाटात कुणाला ऐकू जात नाही. ज्या खडकाचे देखणेपण हीच त्याची किंमत, उदाहरणार्थ अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे किंवा पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याचे बेसाल्टचे खांब, त्याला हातोडा लावू नये हा शिष्टाचार आहे. कड्यावर हातोडा चालवण्यापूर्वी वर मान करून आग्या मोहोळ आहे का ते पाहणे हा मात्र शिष्टाचार नसून आरोग्याचा नियम आहे.

दुसरे साधन भिंग. दहापट मोठे दाखवणारे हे भिंग डोळ्याला चिकटवायचे आणि खडक त्याच्याजवळ आणायचा असतो. नवखा विद्यार्थी चित्रपटातल्या गुप्तहेरासारखा भिंग हातभर लांब धरतो आणि गंभीर चेहऱ्याने काहीच न दिसलेले निरीक्षण वहीत उतरवतो. तिसरे साधन पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. चुनखडकावर थेंब टाकला की तो फसफसतो. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत पुष्कळदा कॅल्साइट भरलेले असते, तेही फसफसते. त्यामुळे दरवर्षी एक तरी विद्यार्थी पुणे जिल्ह्यात चुनखडकाचा शोध लावतो. बाटलीचे बूच सैल असेल तर तिसऱ्या दिवशी पँटच्या खिशालाही तोच प्रयोग लागू होतो.

चौथे साधन जीभ. तिचा उल्लेख सामानाच्या यादीत नसतो. ओला केल्यावर खडकातले खनिज स्पष्ट दिसते, चिकणमातीचा खडक जिभेला चिकटतो, आणि गाळ बारीक आहे की रेताड हे दातांखाली लगेच कळते. शास्त्रीयदृष्ट्या यात काही गैर नाही. मात्र डांबरी रस्त्याच्या कडेला वीस तरुण मुले-मुली दगड चाटत उभी आहेत हे दृश्य पाहून एसटीचा वेग कमी होतो.

होकायंत्राचे प्रकरण जरा मोठे आहे. भूशास्त्रज्ञांत सर्वाधिक चालणारे ब्रंटन होकायंत्र डेव्हिड ब्रंटन या खाण-अभियंत्याने बनवले आणि १८९४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याने दिशाही मोजता येते आणि उतारही. खडकाचा थर कोणत्या बाजूला किती अंशांनी कलला आहे ती त्याची नती, आणि तिच्याशी काटकोनात येणारी आडवी दिशा म्हणजे नतिलंब. या दोन आकड्यांवर निम्मे भूशास्त्र उभे आहे. ते पहिल्याच दिवशी डळमळते, कारण हातोडा लोखंडी असतो, क्लिपबोर्डची चाप लोखंडी असते, मोबाइलच्या कव्हरात लोहचुंबक असते, आणि खुद्द बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. ज्या माथ्यावर वीज पडलेली असते तिथला खडक तर सुईला स्वतःच्याच मताने फिरवतो. एकाच जागी उभ्या असलेल्या पाच गटांनी पाच वेगवेगळ्या उत्तर दिशा नोंदवल्या तरी ते सगळे निष्काळजी असतीलच असे नाही. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक जेमतेम अंशभरही नसतो. त्यामुळे तो फरक दुरुस्त करण्याचे प्रकरण इथला विद्यार्थी वाचतो, पाठ करतो आणि परदेशी जाईपर्यंत विसरतो.

उरला नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाची ५०,००० पट लहान प्रमाणावरची टोपोशीट हाती देऊन ‘आपण कुठे आहोत ते दाखव’ एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि वर्षभराचा अहंकार त्यात विरघळतो. मूळ नकाशावर समोच्च रेषा तपकिरी, नद्या निळ्या आणि रस्ते लाल असतात. विद्यार्थ्यांच्या हाती त्याची काळी-पांढरी झेरॉक्स असते, तिच्यावर नदी, रस्ता आणि डोंगर यांच्यात भेदभाव उरत नाही. त्यातून पाहणी जुनी असली तर नकाशावर गाव असते तिथे आता जलाशय असतो. मोबाइल हे काम क्षणात करतो, म्हणून शिक्षक मोबाइल खिशात ठेवायला लावतात. निळा ठिपका जागा सांगतो, पण समोरची सोंड नकाशावर कोणती, ओढा कुठून वळला, आपण चढलो तो टप्पा किती उंचीचा, हे तो शिकवत नाही. दऱ्याखोऱ्यांत रेंज गेली की ही गोष्ट न सांगता पटते.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर वाहत आले आणि आज उरलेला त्यांचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. हे प्रवाह जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे पुण्या-नाशिकचा विद्यार्थी दिवसभर घाट चढून नती मोजतो आणि वहीत ‘शून्य’ असे लिहितो. संध्याकाळपर्यंत वहीत बारा शून्ये जमतात. ती सगळी बरोबर असतात, हे त्याला पटवणे कठीण जाते. म्हणून लोणारची भेट फार मोलाची. तिथे उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले आणि कडेचे थर बाहेरच्या बाजूला कलले. आयुष्यात प्रथमच शून्याखेरीज आकडा मिळालेला विद्यार्थी लोणारच्या काठावर जसा हसतो, तसा तो निकालाच्या दिवशीही हसत नाही. त्याच काठावर प्रत्येक तुकडीला निदान एक ‘उल्का’ सापडते. ती बहुधा बेसाल्टचाच जळकट दिसणारा तुकडा किंवा कुठून तरी आलेली भट्टीची मळी असते.

दुरून एकसारखा दिसणारा हा बेसाल्ट जवळून एकसारखा नाही, हे कळणे हाच इथल्या फील्डचा खरा लाभ. एक प्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे पुस्तकातल्या आकृतीत रेघ मारून दाखवलेले असते. घाटातल्या कापणीत ती रेघ शोधावी लागते. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. हातभर जाडीचा हा पट्टा विद्यार्थ्यांना फार आवडतो, कारण दख्खनमध्ये न चुकता ओळखता येणारी ती एकच वस्तू आहे. बोगदा खणणाऱ्या अभियंत्याला मात्र तो अजिबात आवडत नाही, कारण पाणी लागताच तो फुगतो, सुटतो आणि अंदाजपत्रकात शिरतो. काही प्रवाहांच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक वाढलेले असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत गेले आहे. स्फटिक दिसताच नोंदी थांबतात आणि खिसे भरायला लागतात. खिशांच्या बाबतीत शिक्षकांचाही अपवाद करता येत नाही.

बघून आलेले शास्त्र पुन्हा पुन्हा बघावे लागते, याचे उदाहरणही इथेच आहे. दख्खनच्या बऱ्याच प्रवाहांचे वर्णन दीर्घकाळ एका ठरावीक पद्धतीने होत आले. हवाई बेटांवर वाहत्या लाव्हाचे जे प्रकार दिसतात ते डोळ्यांपुढे ठेवून अभ्यासकांनी हेच घाट गेल्या काही दशकांत नव्याने निरखले, तेव्हा फुगत, पसरत, बोटाबोटांनी पुढे सरकलेल्या पाहोएहोए लाव्हाच्या खुणा जागोजागी आढळल्या. खडक होता तिथेच होता, वर एसटीचा थांबाही तोच होता.

फील्डवर ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकायला मिळते त्यांची नावे वेळापत्रकात नसतात. हातोडे घेतलेला घोळका शिवारात शिरला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी बांधावर येऊन उभे राहते. प्रश्न ठरलेले असतात: सोने सापडले का, रस्ता येणार का, जमिनी जाणार का. विद्यार्थी कॉलेजचे आहेत असे कळल्यावर भीती जाते आणि अपेक्षा येते. ‘बाळा, मग एवढं सांग, हितं पाणी लागंल का?’ तीन वर्षे भूजलाचा पेपर देऊन ‘बाळा’च्या तोंडून शब्द फुटत नाही. मग बाबाच सांगतात. वर दोन पुरुष मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली तांबडी भुई, मग काळा पाषाण. पाषाणाला भेग असेल तर पाणी, नाहीतर सावकार. शेजारच्या विहिरीत डोकावले की हे चारही थर काठापासून तळापर्यंत दिसतात. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा झिजलेला बेसाल्ट, तांबडी भुई म्हणजे तोच रेड बोल. परीक्षेत सहा गुणांचा प्रश्न बाबांनी बांधावर उकिडवे बसून सोडवलेला असतो. राज्यातले पुष्कळ भूशास्त्र पदवीधर पुढे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत किंवा विंधन विहिरींच्या कामाला लागतात, तेव्हा त्यांना उपयोगी पडते ती ही विहीर.

बेसाल्टपलीकडचे जग बघायचे तर रेल्वेत बसावे लागते. भंडारा-नागपूरकडचे मँगनीजचे पट्टे, उदयपूरजवळचे झावर, कर्नाटकातले चित्रदुर्ग, तमिळनाडूतल्या अरियलूरचे जीवाश्म ही नेहमीची तीर्थे. शून्यावर वाढलेला विद्यार्थी तिथे वळ्या पडलेले, उभे झालेले, स्वतःवरच उलटलेले थर पाहतो आणि पहिला दिवस नुसता फोटो काढण्यात घालवतो. फोटोत प्रमाण कळावे म्हणून हातोडा किंवा नाणे ठेवायचे असते. विद्यार्थी स्वतःच उभा राहतो, त्यामुळे वळीची रुंदी ‘अर्धा संदीप’ अशी मोजावी लागते. झावरला जुन्या काळी जस्त काढण्यासाठी वापरलेल्या मातीच्या नळ्यांचे ढीगच्या ढीग आहेत, घरांच्या भिंतींतही त्या बसवल्या आहेत. माणसाने केलेली वस्तू आणि निसर्गाने केलेली वस्तू यांतला फरक ओळखणे हा अभ्यासक्रमात नसलेला धडा तिथे मिळतो. खाणीत उतरण्याची संधी मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत नोकरी करायला मनाई होती, ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती २०१९ मध्ये उठली. तोवर मुलींनी भूमिगत खाणकामाचा पेपर पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावा, नोकरी मात्र जमिनीवर शोधावी, अशी व्यवस्था होती.

बघायला गेले म्हणजे दिसेलच, अशी हमी फील्ड देत नाही. ऑगस्ट १८३१ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक अ‍ॅडम सेज्विक तरुण चार्ल्स डार्विनला घेऊन उत्तर वेल्समध्ये हिंडले. स्वतःच्या वाटेला समांतर वाट शिष्याला द्यायची, नमुने आणायला आणि थर नकाशावर मांडायला सांगायचे, ही त्यांची शिकवण्याची रीत आजही वापरात आहे. क्वुम इड्वल नावाच्या दरीत दोघांनी जीवाश्मांच्या शोधात खडक तासन्‌तास तपासले. दरीभर हिमनदीने ओरखडलेले कातळ आणि वाहून आणलेले धोंडे पडले होते. ते दोघांपैकी एकालाही दिसले नाहीत, कारण तिथे कधी हिमनदी असेल ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. ती कल्पना १८४० च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली, १८४२ मध्ये डार्विन पुन्हा त्या भागात गेले आणि सगळे ढळढळीत दिसले. ही चूक त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. आजचे विद्यार्थी शेजारून जाताना फॉल्ट चुकवतात तेव्हा हा दाखला देतात. तो प्राध्यापकांना फारसा आवडत नाही, कारण त्यात प्राध्यापकही आहेत.

२०२० मध्ये करोनाने फील्ड बंद पाडले आणि जगभर आभासी सहली सुरू झाल्या. पडद्यावर कडा फिरवून बघता येतो, ड्रोनच्या डोळ्याने वरून दिसतो, पाय दुखत नाहीत. दुर्गम जागांसाठी आणि ज्यांना डोंगर चढणे शक्य नाही अशांसाठी ही सोय खरोखर चांगली आहे आणि ती टिकायला हवी. तिच्यात उणीव एकच: पडद्यावरचा कडा कुणीतरी आधी निवडलेला असतो. बघण्यासारखे काय आहे हे ठरवण्याचे काम तो करून ठेवतो, आणि तेच तर शिकायचे असते.

फील्डचा शेवट अहवालाने होतो. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक, जागा आणि तारीख जागच्या जागी लिहायची असते. ‘संध्याकाळी लिहू’ म्हणून पिशवीत टाकलेले आठ काळे दगड मुक्कामावर पोचेपर्यंत एकमेकांत मिसळतात. मग घाटाच्या पायथ्याचा दगड कोणता आणि माथ्याचा कोणता, हे मताधिक्याने ठरवावे लागते. घरी पोचल्यावर हे दगड आधी टेबलावर, मग गॅलरीत आणि शेवटी तुळशीच्या कुंडीत जातात. अहवाल स्वतः लिहावा अशी अपेक्षा असते, पण वरच्या वर्गाचा अहवाल मिळत असताना ती पाळणे अवघड असते. तारीख बदलली की नवे संशोधन तयार होते. ही पद्धत वर्षानुवर्षे सुरळीत चालली. पुढे घाटांचे चौपदरीकरण सुरू झाले, कापण्या मागे सरकल्या आणि उरलेल्या खडकावर लोखंडी जाळ्या आणि सिमेंटचा गिलावा आला. त्यानंतर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक अहवाल चाळता चाळता थांबतात, चष्मा वर करतात आणि जो रेड बोल दोन वर्षांपूर्वी सुरुंगाने उडाला, त्याची जाडी विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात कशी मोजली, एवढेच विचारतात.